चढ कोणाच्या खांद्यावर?

डोंगराळ जमिनीवरील गोल्फच्या मैदानाची वाखाणणी बहुधा छायाचित्रावरून होते. उंचावर खेळाचा आरंभ, खाली दरी, पलीकडे निळसर रांग. पाहणारा हरखतो आणि आखणी उत्तम असे ठरून जाते. वास्तविक ही निसर्गाची देणगी आहे. ती आखणाऱ्याच्या नावावर जमा करण्याचे कारण नाही. त्याचे कर्तृत्व जोखावयाचे तर चेंडूची वाट आणि चालणाऱ्याचे पाय पाहिले पाहिजेत.

अलिस्टर मॅकेन्झी हे मूळचे डॉक्टर. बोअर युद्धात त्यांनी लष्करी शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. मैदानांच्या आखणीवरील त्यांचे पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी तेरा तत्त्वे मांडली. जमिनीला पुरेसे उंचसखलपण असावे, पण खेळाडूला डोंगर चढावयास लावू नये, हे त्यांतील एक. अमेरिकेतील ऑगस्टा येथे, एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर, बॉबी जोन्स यांच्यासह त्यांनी आखलेले मैदान १९३३ साली खुले झाले. दूरचित्रवाणीवर ते सपाट भासते. प्रत्यक्षात क्लबच्या इमारतीपासून ओढ्यापर्यंतचा उतार दीडशे फुटांहून अधिक आहे.

या उताराचा उपयोग कसा केला, हे तेराव्या होलवर दिसते. वाट डावीकडे वळते, जमीनही डावीकडे उतरते आणि त्याच बाजूने ओढा वाहत येऊन ध्वजासमोर आडवा होतो. सावधपणे उजवीकडे मारणाऱ्याचा चेंडू उतारावर थांबतो. मग उजव्या हाताने खेळणाऱ्याला पायांपेक्षा उंच असलेला चेंडू मारावा लागतो, आणि असा चेंडू डावीकडे भरकटण्याची धास्ती असते. ओढ्याला खेटून मारण्याचे धाडस करणाऱ्यास मात्र सपाट जागा आणि जवळचा मार्ग मिळतो. येथे खेळाडूची परीक्षा खुद्द जमीनच घेते. आखणी म्हणावयाची ती हीच!

याच मैदानाचे दहावे होल मात्र वेगळी गोष्ट सांगते. त्याचे मूळ ग्रीन सखल भागात होते आणि तेथे पाण्याचा निचरा नीट होत नसे. १९३७ साली पेरी मॅक्सवेल यांनी ते मागे उंचवट्यावर नेले. जुना वाळूचा खड्डा आजही वाटेत निरुद्योगी पडून आहे. पावसाळ्यानंतर डोंगर कसा वागतो, हे थोर आखणाऱ्यालाही कागदावर उमगत नाही.

उतरलेला प्रत्येक फूट केव्हा तरी चढावाच लागतो. ऑगस्टाचे अखेरचे होल चांगलेच चढणीचे आहे. मॅकेन्झी यांचे तत्त्व तेथे थोडे वाकले, हे मान्य केले पाहिजे. तो चढ पिशवीसह चढत असे कॅडी. मास्टर्स स्पर्धेत १९८२पर्यंत क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते कृष्णवर्णीय असत. क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो १९९० साली. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याची उठाठेव आपण कशाला करावी, असे वाचकास वाटेल. पण ओझे वाहणारा काही श्रीमंत नसतो.

बॅटरीवरच्या गाड्या आल्या आणि आखणाऱ्यांवरचा हा अंकुशही सैल झाला. आता दोन होलांत अर्धा मैल अंतर पडले तरी तक्रार करतो कोण? दर होलचा आरंभ टेकडीच्या माथ्यावर ठेवावा, अडथळा वाटेल तेथे यंत्राने डोंगर कापावा आणि वर गाडीरस्ते ओढावेत, याला आखणी म्हणण्याचा प्रघात पडत आहे. जी वाट पायी पुरी करता येत नाही, ती कितीही देखणी असो, आम्ही तिला सदोषच म्हणू. मैदानांची प्रतवारी लावणाऱ्या परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी अठराही होलांची एक फेरी, गाडी व कॅडी दोन्ही वर्ज्य करून, पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुरी करावी.