रँडमुळे पुण्याचा प्लेग आटोक्यात आला?

दर पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उगवते : "रँड क्रूर होता हे मान्य, पण त्याने प्लेग तर आटोक्यात आणला!" आजच्या धाग्यात या वाक्याचाच समाचार घ्यावयाचा आहे.

आधी घटनाक्रम. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याच महिन्यात रँड पुण्यात आला. सोजिरांकरवी घरांची झडती, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी, उखडलेल्या जमिनी, कार्बोलिकचे फवारे. मेअखेर साथ ओसरली.

झाले, सिद्ध झाले? मग त्याच वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्लेग पुण्यात परतला कसा? आणि पुढे वर्षानुवर्षे परतत का राहिला?

याचे उत्तर दंडुक्याने नव्हे, नोंदवहीने दिले. पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखवले, तेव्हा बहुतेकांनी त्याला हसण्यावारी नेले. १९०५ पासून मात्र मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने उंदीर मोजावयास घेतले. शहरभरातून गोळा केलेले एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले आणि प्रत्येक उंदीर कोठे सापडला याची नोंद झाली. या कंटाळवाण्या कामातून जे दिसले ते विलक्षण होते. प्रथम गटारातल्या घुशींत साथ येते, काही दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर सुमारे दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. अर्थात, ज्या गल्लीत उंदीर पडू लागले तिला जवळजवळ पंधरवड्याची पूर्वसूचना मिळत होती. (उंदीर पडताच गाव सोडून माळावर खोपट घालणाऱ्या शेतकऱ्याला हे आयोगाआधीच ठाऊक होते. त्याला विचारतो कोण!)

आयोगाला आणखी एक गोष्ट आढळली. कोरड्या, कडक उन्हाळ्यात पिसवांचे आणि प्लेगचे बळ घटते. म्हणजे मे १८९७ मधील यशाचे श्रेय घ्यावयाचेच, तर त्यात पुण्याच्या उन्हाचा वाटा मोठा मानावा लागेल. कार्बोलिकने भिंती धुतल्या गेल्या. कौलांतला उंदीर मात्र कोणी मोजलाच नव्हता.

स्वच्छता निरर्थक होती, असे माझे म्हणणे नाही. धान्य उंदरापासून दूर ठेवणे, बिळे बुजवणे ही स्वच्छताच. परंतु कोणती घाण, कोणत्या गल्लीत, कोणत्या महिन्यात, हे ठाऊक नसता केलेली स्वच्छता म्हणजे देखावा.

तोच देखावा आजही चालू आहे. रुग्ण सापडला की धूरफवारणीचे यंत्र येते, मागे छायाचित्रकार आणि पुढे नगरसेवक. त्या धुराने उडणारे डास मरतात. पिंपातल्या, कुंडीखालच्या बशीतल्या अळ्या तशाच राहतात. एडिस डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याच्या अळ्या मोजता येतात : शंभर घरे तपासली, किती घरांत सापडल्या? देशात २००४ पासून रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. घरोघर फिरून पिंपे उघडून पाहणाऱ्या आरोग्यसेविका आहेत. त्यांनी भरलेला आकडा प्रभागनिहाय, दर आठवड्याला, रुग्ण वाढण्याआधी आपल्यासमोर का येत नाही?

धूरफवारणीची मागणी करणारे अर्ज प्रभाग कार्यालयात ढिगाने पडतात. या आठवड्यात एक अर्ज त्या आकड्यासाठी द्या.