डिस्कच्या आधी ड्रम

आमच्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये चार जुन्या बुलेट उभ्या असतात. चारही गाड्यांचे सायलेन्सर बदललेले, तिघींचे हँडल बदललेले, एकीला तर हॉर्नच तीन. ब्रेककडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यातली एक माझी, म्हणजे खरं तर बाबांची, १९८६ ची. तेव्हा मीही त्यातलाच, हे आधीच कबूल करून टाकतो.

डिसेंबरात पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. मागे रूम पार्टनर, शिवाय दोन सॅक. अर्ध्या घाटात पुढच्या ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकायला लागला आणि गाडी थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या गिअरवर, मागच्या ब्रेकच्या जिवावर कसेबसे खाली आलो. वाईत चहा पिताना हात थरथरत होते. पार्टनरला सांगितलं, थंडी आहे.

परत आल्यावर मेसच्या टेबलावर हिशेब मांडला. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून ३२० किलो धरा. उतार ५०० मीटर धरा (आहे त्याहून जास्तच). एमजीएच केलं की साधारण १५.७ लाख ज्यूल येतात. एवढ्यात पाच लिटर गार पाणी उकळीला येतं! इंजिन आणि हवा त्यातला वाटा उचलतात, उरलेलं सगळं ड्रमच्या नशिबी. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्यात लायनर तापून त्याची पकड जाते. लिव्हर हँडलला का टेकला, ते थर्मलच्या लेक्चरला झोपलो नसतो तर आधीच कळलं असतं.

होस्टेलच्या सुप्रीम कोर्टाने लगेच निकाल दिला, "डिस्क टाक." आमच्याच मजल्यावरच्या एका मित्राने ती टाकलीसुद्धा. डिस्क एका गाडीची, कॅलिपर दुसरीचा, मास्टर सिलिंडर जुन्या बाजारातला, आणि ड्रमवाल्या शॉकअपला कॅलिपर धरायला पट्टी कापून बनवलेला ब्रॅकेट. दिसायला झकास! आठव्या दिवशी कॉलेजच्या गेटजवळ ब्रेक दाबला, ब्रॅकेट वाकला, कॅलिपर स्पोकमध्ये घुसला आणि चाक जागेवर थांबलं. स्पीड वीसच्या आसपास होता म्हणून फक्त कॉलर बोनवर भागलं. त्याची सगळी प्रॅक्टिकल्स बुडाली. हेच घाटात झालं असतं तर?

माझं म्हणणं डिस्कच्या विरोधात नाही. डिस्क चांगलीच. पण ती सेटमध्ये येते. ब्रेकचा सगळा टॉर्क त्या एका ब्रॅकेटमधून शॉकअपमध्ये जातो. म्हणून एकाच मॉडेलचा, कॅलिपरचे कान ओतीव असलेला शॉकअपचा खालचा पाय, हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असं सगळं एकत्र हवं. मास्टर सिलिंडरचं तर गणितच बघा. १२.७ मिमीच्या जागी १५.९ मिमीचा बसवला तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, आणि तेवढ्याच जोराला प्रेशर जेमतेम ६४ टक्के मिळतं. लिव्हर लाकडासारखा कडक लागतो आणि आपण खूश, की ब्रेक काय टाइट आहे! पास्कल बिचारा पुस्तकातच राहतो.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करू देत नाही.

मी आधी आहे तो ड्रम खोलला. लायनर काचेसारखे गुळगुळीत, हबमधलं ग्रीस झिरपून एका शूवर आलेलं, आणि कॅमचा लिव्हर इतका पुढे गेलेला, की ब्रेक लागताना केबलशी काटकोन व्हायला हवा तो कधीच उलटून गेलेला. म्हणजे मी ज्याला "बुलेटचा ब्रेक" म्हणून शिव्या घालत होतो तो ब्रेक नव्हताच. नवे लायनर, नवी केबल, ग्रीसचं सील बदललं. चाक बसवताना ॲक्सल ढिला ठेवून ब्रेक दाबून धरला आणि मगच आवळला, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. आता ब्रेक दाबला की पुढचा शॉकअप खाली बसतो. घाटात खालचा गिअर टाकूनच उतरायचं, ते वेगळं.

(जाता जाता: जुनी बुलेट मागून नेणाऱ्यांनो, हिचा ब्रेक डाव्या पायाला आहे. घाबरून उजवा पाय दाबलात तर ब्रेक लागत नाही, वरचा गिअर पडतो.)

एक दुखणं मात्र उरलंय. चाकाच्या दर फेऱ्याला लिव्हर बोटांना धक्का देतो, म्हणजे स्पोकच्या ताणाने ड्रम लंबगोल झालाय. तो स्पोक लावलेल्या अवस्थेतच लेथवर घासावा लागतो, आणि १९ इंची रिमचं चाक साध्या लेथवर फिरत नाही. आपल्या मशीन शॉपमध्ये गॅप बेडची लेथ आहे. वर्कशॉपच्या सरांना विनंती, की एका शनिवारी दुपारी ती आम्हाला द्यावी, तुमच्या देखरेखीखाली. जर्नलमध्ये टर्निंगचा जॉब म्हणून लिहून देऊ. बाकीच्या तीन बुलेटवाल्यांनाही मी तयार केलंय. चाक माझ्या कॉटखाली आहे, टायर काढून ठेवलाय.