राजीखुशीची सनद

किल्ड्रमीच्या किल्ल्याची गोष्ट ज्यांना प्रेमकथा वाटते, त्यांच्याशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढू नये असे म्हणतात; पण चकली थोडी तिखट असल्याशिवाय फराळाला तरी कुठे रंग भरतो?

गोष्ट अशी सांगतात. साल १४०४. स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबरडीनशायर परगण्यात, किल्ड्रमी नावाचा भक्कम दगडी किल्ला. आत इझाबेल डग्लस नावाची विधवा. मार या अतिप्राचीन जहागिरीची ती मालकीण. म्हणजे तिकडच्या भाषेत काउंटेस ऑफ मार. बाहेर अलेक्झांडर स्टुअर्ट, खुद्द राजाचा पुतण्या. तो किल्ला जिंकतो. पण जिंकल्यावर काय करतो? किल्ल्याच्या दरवाजाबाहेर, बिशपाच्या आणि पंचांच्या साक्षीने, किल्ल्याच्या चाव्या, सनदा, भांडीकुंडी, सारे बाईंच्या स्वाधीन करतो! आणि बाई त्या चाव्या हातात घेऊन, सर्वांसमक्ष, आपल्या खुशीने त्यालाच वरतात. काय तो दिलदार वीर, आणि काय ती त्याच्या शौर्यावर भाळलेली मानिनी!

मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे असा प्रसंग पाहून लेखकाच्या तोंडाला पाणी कसे सुटते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, चाव्यांकडे पाहू नका. तारखांकडे पाहा.

इझाबेलला ही जहागीर आईकडून आली होती. आईला, म्हणजे मार्गरेटला, ती तिच्या निपुत्रिक भावाकडून मिळाली. इझाबेलचा एकुलता सख्खा भाऊ १३८८ च्या ऑटरबर्नच्या लढाईत पडला, म्हणून आईच्या मागे ही वारस. तिचा पहिला नवरा माल्कम ड्रमंड. त्याला एका टोळीने पकडून डांबले आणि १४०२ च्या सुमारास तो कैदेतच मेला. डांबणारे कोण, याचा छडा लागला नाही. संशय मात्र अलेक्झांडरवरच होता. हा अलेक्झांडर कोण? ज्याला लोक ‘बॅडनॉकचा लांडगा’ म्हणत आणि ज्याने १३९० साली एल्गिनचे भव्य चर्च जाळून टाकले, त्याचा मुलगा; पण औरस नव्हे. बापाची जहागीर त्याला कायद्याने मिळणे शक्य नव्हते. म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाची तरी हवी होती.

किल्ला पडल्यावर, १२ ऑगस्ट १४०४ रोजी, इझाबेलने एका सनदेवर शिक्का उठवला. मारची जहागीर अलेक्झांडरला आणि दोघांच्या संततीला. संतती न झाल्यास अलेक्झांडरच्या वारसांना. बाईच्या माहेरचे रक्त कायमचे बाहेर! आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रे करून घेतात, त्यांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे शब्द असतात. भाऊबीजेच्या आधी सही आणि मग ओवाळणी, असेही घडते. तो मजकूर ज्यांनी एकदा वाचला आहे, त्यांना १२ ऑगस्टच्या सनदेचा अर्थ मी फोडून सांगायला नको. शत्रूचे लोक तटावर उभे असताना घेतलेली ती खुशी होती.

इतकी उघड जबरदस्ती राजालाही पचवता येईना. त्या सनदेला मान्यता मिळाली नाही. म्हणून सप्टेंबरात तो चाव्यांचा सोहळा झाला. ज्याला कथाकार दिलदारी म्हणतात, ती कागद पक्का करून घेण्याची तजवीज होती. आधीची खुशी ग्राह्य धरली जाईना, तेव्हा साक्षीदार बोलावून दुसरी, अधिक ठसठशीत खुशी उभी करण्यात आली.

पण या दुसऱ्या खेपेला एक गोष्ट बदलली, आणि तीच कथाकारांच्या नजरेतून सुटते. डिसेंबरात लग्न होऊन जी सनद झाली, तिच्यात अलेक्झांडरला जहागीर मिळाली ती त्याच्या हयातीपुरती. संतती न झाल्यास त्याच्या मागे ती इझाबेलच्या वारसांकडे परत जायची. जानेवारी १४०५ मध्ये राजा तिसरा रॉबर्ट याने मान्यता दिली ती या कलमाला. नवरा गेलेला, भाऊ गेलेला, किल्ला दुसऱ्याच्या हाती. अशा बाईच्या सनदेत हे एक वाक्य शिल्लक राहिले. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाची नायिका इथे आहे. चाव्या हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईचे चित्र कोणीही काढील. ‘माझ्या वारसांकडे’ हे शब्द सनदेत उतरले, त्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

पुढे काय झाले ते झरझर सांगते, कारण ते तुमच्याआमच्या ओळखीचेच आहे. इझाबेल १४०८ साली निपुत्रिक वारली. अलेक्झांडर १४११ मध्ये हारलॉच्या लढाईत नाव कमावून मोठा झाला, आणि १४२६ मध्ये त्याने हयातीपुरती मिळालेली जहागीर राजाला देऊन स्वतःच्या अनौरस मुलासाठी परत मागून घेतली. त्या मुलाचा वंश खुंटला तर ती राजाकडे जावी, असे ठरवून. जी वस्तू आपली नव्हती तिचा सौदा! मुलगा बापाआधी गेला, १४३५ मध्ये बापही गेला, आणि राजाने जहागीर घशात घातली. इझाबेलचा खरा वारस रॉबर्ट अर्स्किन. त्याचा हक्कही मार घराण्याच्या एका लेकीच्या वंशातूनच आलेला. १४३८ मध्ये पंचांनी तो मान्य केला; १४५७ मध्ये राजासमोर बसलेल्या दुसऱ्या पंचांनी तो उडवला. राजा स्वतः प्रतिवादी आणि स्वतःच सभापती असल्यावर दुसरे काय व्हायचे? अखेर १५६५ साली राणी मेरीने जॉन अर्स्किनला सनद दिली, आणि या घराण्याला त्याच्या न्याय्य वारशापासून अन्यायाने दूर ठेवले गेले, हे तिच्यात कबूल केले.

इथपर्यंत दांडगाई होती, आणि दांडगाईवर मी फारशी रागावत नाही. तिचा चेहरा तरी उघडा असतो. माझे खरे भांडण १८७५ सालच्या सभ्य गृहस्थांशी आहे.

१८६६ मध्ये मारचा तेव्हाचा अर्ल निपुत्रिक वारला. बहिणीचा मुलगा जॉन गुडइव्ह-अर्स्किन याने पद आपले म्हटले. पुरुषशाखेतला भाऊबंद, अर्ल ऑफ केली, म्हणाला, ते माझे. वाद लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. लॉर्डांनी निकाल दिला तो असा: प्राचीन मार जहागिरी १५६५ च्या आधीच संपली होती, तेव्हा जॉन अर्स्किनचे पद नवेच असले पाहिजे. २८ जुलै १५६५ च्या कागदात तो नुसता लॉर्ड अर्स्किन आहे, १ ऑगस्टच्या कागदात अर्ल ऑफ मार. मधे २९ जुलैला राणीचे लग्न. म्हणून त्या चार दिवसांत कधीतरी नवे पद दिले गेले असावे. त्याचा लेख कुठे आहे? कुठेच नाही. कोणी पाहिला? कोणीच नाही. मग त्यात वारस कोण ठरवले होते? पुरुष! न पाहिलेल्या कागदातला मजकूर या विद्वानांना तोंडपाठ होता. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली शिक्षिका आहे. पण माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने न वाचलेल्या धड्याचा सारांश असा ठोकून दिला असता, तर मी त्याला उभे केले असते.

वकील मंडळी म्हणतील, बाई, पुरावा नसेल तेव्हा पुरुषवारस गृहीत धरायचा, असा नियमच होता. असेल. पण पुरावा नव्हता कुठे? मार्गरेट होती, इझाबेल होती, अर्स्किनांना रक्ताचा हक्क देणारी मार घराण्याची ती लेक होती. १६०६ मध्ये स्कॉटलंडच्या उमरावांचा मानक्रम ठरला, तेव्हा मारची जागा १५६५ वर नव्हे, जुन्या सनदांवर धरली होती. शिवाय याच हाउस ऑफ लॉर्ड्सने १७७१ मध्ये सदरलंडचे जुने पद एलिझाबेथ नावाच्या मुलीला दिले होते, आणि ती तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. मग नियम कुठे गेला होता?

आपल्यालाही या गृहीतांची झळ लागली आहे. दत्तकाचा हक्क झुगारून १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसी स्कॉटलंडचाच अर्ल. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. त्याची जहागीर खालसा झाली नाही. अर्लपद बिनबोभाट पुरुषशाखेतल्या चुलत घराण्याकडे गेले. वारस नाही म्हणजे नक्की काय, हे कोणाच्या घरी प्रश्न उपस्थित होतो त्यावर ठरत असते.

मारच्या निकालावर स्कॉटलंडात मात्र गहजब झाला. क्रॉफर्डच्या अर्लने त्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटी १८८५ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला आणि प्राचीन पद बहिणीच्या मुलाला मिळाले. पण ‘आमचे चुकले’ असे म्हणण्याची रीत त्या सभागृहात नसावी. केलीच्या अर्लला दिलेले १५६५ चे पदही तसेच ठेवले. त्यामुळे मारची अर्लपदे तेव्हापासून दोन आहेत: एक पुरुषांतून चालणारे, दुसरे लेकींतूनही चालणारे.

या दुसऱ्या पदावर १९७५ मध्ये, म्हणजे त्या निकालाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, एक मुलगी आली. नाव पुन्हा मार्गरेटच. काउंटेस ऑफ मार म्हणून तिने त्याच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आसन घेतले, आणि २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तिथे बसत होती.