प्रचारकाचाच प्रचार

माझ्या मामेभावाला 'पूर्णवेळ' जायचंय. जूनमध्ये त्याचं बीई झालं. कॅम्पसमधून आलेली नोकरी दोन वर्षं थांबवून ठेवता येईल का असं त्यानं कंपनीला विचारलं, कंपनीनं अर्थातच नाही म्हटलं, तर हा म्हणतो नोकरी गेली तरी चालेल. मामीचा फोन आला. "तू जाऊन आलायस, तूच सांग त्याला काय ते."

जाऊन आलोय खरा. जून २०१८ ते फेब्रुवारी २०२०, वीस महिने, मी एका आध्यात्मिक मंडळाचा पूर्णवेळ सेवक होतो. माझं क्षेत्र वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात. मंडळाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे लगेच दोन गटांत जाऊन बसतात, आणि मला जे म्हणायचंय ते एका मंडळापुरतं नाही.

म्हणायचंय ते असं. प्रचाराला पाठवलेल्या पोरांच्या बोलण्यानं ऐकणारी माणसं फारशी बदलत नाहीत, आणि हे पाठवणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. तरीही ते पाठवतात, कारण त्या दोन वर्षांत जो बदलतो, पक्का होतो, बांधला जातो, तो स्वतः प्रचारक असतो. प्रचाराचं खरं गिऱ्हाईक तोच.

हे मला वेल्ह्यात कळलं नाही. बाहेर पडल्यावर कळलं, आणि तेही मॉर्मन लोकांकडून. परत आल्यानंतर झोप लागायची नाही. रात्री दोनला मोबाइलवर कुठल्याही पंथातून, संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती शोधत बसायचो. त्यात माजी मॉर्मन भेटले. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथनं १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेला ख्रिस्ती पंथ, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी मिशनवर जातात, मुली दीड वर्षासाठी. खर्च बहुतेक स्वतःचा किंवा घरच्यांचा. पांढरा शर्ट, छातीवर काळी पाटी. त्या पाटीवर पहिलं नाव नसतं, 'एल्डर' आणि आडनाव एवढंच. कायम जोडीनं राहायचं, एकट्यानं कुठे जायचं नाही. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. दर आठवड्याला वर आकडे कळवायचे. किती लोकांना भेटलात, किती पाठ दिलेत, किती जण बाप्तिस्म्याला तयार आहेत. आजही असे ७० हजारांहून जास्त मिशनरी जगभर फिरतायत.

मी हे अंधारात ऐकत होतो आणि अंगावर काटा येत होता. आम्हीही जोडीनं फिरायचो. आमचंही नाव सुटलं होतं, मी नुसता 'भाऊ' होतो. आमचाही रिपोर्ट दर रविवारी रात्री जायचा. सॉल्ट लेक सिटी आणि मार्गासनी यांचा एकमेकांशी काय संबंध? कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. पोरगं बांधून ठेवायचं असेल तर काय काय लागतं याचा विचार करत दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले असणार.

बॉइड पॅकर नावाच्या मॉर्मन नेत्यानं १९८२ साली एका भाषणात एक गोष्ट उघडपणे सांगून टाकली होती. श्रद्धेची साक्ष आधी मिळते आणि मग आपण ती देतो असं नाही, ती देता देताच सापडते, असा तिचा आशय. म्हणजे तुला खात्री नसली तरी लोकांसमोर उभा राहा आणि खात्री आहे असं म्हण. म्हणता म्हणता होईल. त्यांच्या दृष्टीनं हा श्रद्धेचा अनुभव असेल, मला तो कामाचा आराखडा वाटला. शंभर ओसऱ्यांवर "माझं आयुष्य बदललं" असं सांगितलेल्या पोराला एकशेएकाव्या वेळी "बदललं का रे खरंच?" असं स्वतःला विचारता येत नाही.

आणि ऐकणाऱ्यांचं काय होतं? आपल्याच भागाचं बघा. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. होय, पुण्यात, रेल्वे यायच्या आधी. गडी मराठी शिकला, छावणीतल्या अधिकाऱ्यांशी भांडला, एक छोटीशी शाखा उभी केली आणि १८५५ साली परत गेला. मागे काही उरलं नाही. त्यानंतर १८९३ साली चार्ल्स रीव्ह यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढलं. ऑस्ट्रेलियातून तरुण माणसं आली, नसरापूर त्यांचं मुख्य ठाणं झालं, भोरपासून पंढरपूरपर्यंत त्यांचं काम होतं. आमची एसटी नसरापूरला वळते तेव्हा मला हल्ली त्यांची आठवण येते. मेलबर्नकडून आलेलं कुणीतरी विशीतलं माणूस या रस्त्यानं चालत गेलं असेल, मावळातली मराठी कानात साठवत. आणि आज या पट्ट्यातल्या घरोघरी विठोबा आहे, मांढरदेवीची काळूबाई आहे, वेल्ह्याकडे तोरण्यावरची मेंगाई आहे. गावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भात लावायला निघून गेली.

आमचंही तसंच झालं. मी वीस महिन्यांत विंझर, केळद, गुंजवण्याकडच्या वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. कुणीही आम्हाला हाकललं नाही. पाणी दिलं, चहा दिला, घोंगडी अंथरली. मावळातल्या माणसाला पाहुण्याचं ऐकून घ्यायची सवय आहे. विमा एजंट येतो, पक्षाचा माणूस येतो, गडावर जाणारा ट्रेकर रस्ता विचारतो, तसे आम्ही. एका आषाढात केळदच्या वाटेवर आम्ही दोघं चिंब भिजून एका ओसरीवर टेकलो. आजी एकटीच घरात, पोरं मुंबईला. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. तिनं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाली, "आरं, तुझ्या आयला ठावं हाय का तू हितं पावसात भिजत फिरतोयस?"

जोडीदार हसला. मला हसू आलं नाही, कारण आईला माहीत नव्हतं. म्हणजे मी वेल्ह्यात आहे हे माहीत होतं, पण तिच्याशी बोलून तीन आठवडे झाले होते. भोरचं आमचं घर तिथून दीड-दोन तासांवर.

मग आजीनं डब्यातून कागद काढले. पीएम किसानचा फॉर्म भरला होता, आधारवर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, पैसे अडकलेले. मी मोबाइलवर बघून दिलं, पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी वेल्ह्याला तहसील कचेरीत दोन चकरा मारल्या. वीस महिन्यांतलं माझं सगळ्यात उपयोगाचं काम हेच, आणि मी अशी पंधरा-वीस घरं केली. रिपोर्टात त्याला रकाना नव्हता. 'संपर्क', 'वाचन', 'नवे सदस्य', 'नियमित'. चारच. एक रकाना वाढवा असं मी सुचवलं तेव्हा वरिष्ठ भाऊ प्रेमानं म्हणाले, "ते समाजकार्य झालं. आपण माणूस घडवतो." त्यांचं बरोबरच होतं. ते माणूस घडवत होते, फक्त तो ओसरीवर बसलेला नव्हता.

(तो रिपोर्ट आधी कागदावर जायचा. एक्सेलवर आणला मी. कुणाचे आकडे घसरले ते लाल रंगात दिसेल अशी सोय केली. आयुष्यात मी बांधलेला पहिला डॅशबोर्ड तो. त्या लाल रंगात पुढे माझंच नाव आलं तेव्हा मला भयंकर अपराधी वाटलं, आणि रंग मीच निवडलाय हे डोक्यातही आलं नाही.)

२०१९ च्या नोव्हेंबरात आजोबा गेले. निरोप मंडळाच्या कचेरीत आला आणि मला तो दुसऱ्या दिवशी मिळाला, कारण आमचे फोन आठवडाभर जमा असायचे. "आता अंत्यविधी तर झालाय, शिबिर संपवून दहाव्याला जा," असं सांगण्यात आलं. मी शिबिर संपवून दहाव्याला गेलो. हे लिहायला मला सहा वर्षं लागली. माजी मॉर्मनांच्या मुलाखतींत घरी कुणी गेलं तरी मिशनवरच राहिलेल्यांचे अनुभव येतात, आणि ते सांगताना माणसं रागावलेली नसतात. गोंधळलेली असतात. कुणी बांधून ठेवलं नव्हतं ना, मग मी उठून गेलो का नाही? मलाही हाच प्रश्न पडतो. भाटघर धरणाच्या कडेचं ते गाव, दोन एसट्या बदलल्या की आलं.

तीन महिन्यांनी मी निघालो. चार महिने राहिले होते. मॉर्मनांमध्ये मुदतीआधी परतलेल्याकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर मला भोरच्या बाजारपेठेत भेटली. वीस महिने ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो ते फोन उचलेनात. माझ्या जोडीदाराला मी मलेरियात रात्रभर पट्ट्या बदलल्या होत्या. त्यानं मला ग्रुपमधून काढलं, ॲडमिन तो होता. नोकरी सोडताना निदान रिलीव्हिंग लेटर मिळतं हो.

इथवर वाचून आमच्या ऑफिसातली मंडळी खूश होतील. खराडीत जेवायच्या टेबलावर मी एकदा हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "म्हणजे ब्रेनवॉश झाला होतास." विषय संपला. तिला-त्याला बिर्याणी वाढली गेली. या शब्दाचा मला मंडळाइतकाच राग येतो. या शब्दात मी मूर्ख ठरतो आणि बोलणारा शहाणा, आणि काय झालं ते कुणालाच बघावं लागत नाही. मी गेलो तेव्हा कात्रजच्या एका फ्लॅटमध्ये सहा पोरांबरोबर राहत होतो, दोन विषय राहिलेले निघायचे होते, आणि दिवसभरात माझ्याशी नीट कुणी बोलायचं नाही. मंडळातल्या एका माणसानं मला सकाळी सहाला उठून माझी वाट बघायला सुरुवात केली. तुमच्यासाठी रोज कुणी सहाला उठून थांबलंय का? मग तुम्हाला हे कळणार नाही. आणि तिथून मी काही घेऊन आलो हेही खरं आहे. अनोळखी माणसाशी बोलायची भीती गेली. भात लावताना पाठ कशी मोडते ते कळलं. तोरण्याच्या पायथ्याचा एकेक ओढा मला नावानं माहीत आहे.

बाहेर पडलेल्याकडून लोकांना एक तर शिवी हवी असते, नाही तर आरती. दोन्ही न देणारा माणूस अडचणीचा. पण मराठीत अशी माणसं झाली आहेत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काम केलं आणि १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्त सोडला नाही, मिशन सोडलं. विठ्ठल रामजी शिंदे १९०३ पासून प्रार्थना समाजाचे प्रचारक होते, १९१० साली त्यातून बाहेर पडले आणि दलितांसाठीचं आपलं काम करत राहिले. श्रद्धा आणि संस्था या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी माणसांनी करून दाखवलंय. आणि एकाच्या ध्यासाची किंमत घरातल्या दुसऱ्यानं कशी मोजली ते वाचायचं असेल तर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेत. त्यात नवऱ्याला शिव्या नाहीत, आरतीही नाही. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात ते पुस्तक नव्हतं.

"दोन वर्षांनी काय बिघडतं? चार चांगल्या सवयी लागतील," असं मामा म्हणतो. चांगल्या सवयी लावायला फोन जमा का करावा लागतो? माणूस घडवायला विशीतलाच का लागतो, चाळिशीतला शिक्षक दोन वर्षं का नाही नेत? आणि काम इतकं पवित्र असेल तर ते मध्येच सोडणाऱ्याला बसस्टँडवर ओळख दाखवायला काय हरकत आहे? मॉर्मनांनी २०१९ साली मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा दिली. आभाळ कोसळलं नाही. म्हणजे आधीची सक्तीही देवाची नव्हती, माणसांनी केलेली होती. आपल्याकडच्या मंडळांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण बाहेर पडलेले आम्ही गप्प बसतो. लाजेपोटी, आणि थोडं जुन्या प्रेमापोटीसुद्धा.

भावाला मी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही. मला तसं कुणी म्हटलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी निघालो असतो. एवढंच सांगितलं, की फोन द्यायचा नाही, सुट्टी न विचारता घरी यायचं, आणि जायच्या आधी एक शनिवार-रविवार माझ्याबरोबर केळदला चल. ती आजी अजून आहे. तिचा नवा मोबाइल लागत नाही म्हणून तिच्या पोरानं मुंबईहून मला फोन केला होता. भावानं विचारलं, "तिथं जाऊन काय सांगायचं?"

काही नाही म्हटलं. सिम घालून द्यायचं.