घरच्या पावाचे आंबवण

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी घरी सारणाचे पाव केले आणि त्यांतले दहा-बारा डब्यात घालून महाविद्यालयात नेले. प्राध्यापक-कक्षात डबा उघडल्यावर पहिला प्रश्न आला तो चवीचा नव्हता. "घरचेच ना हो, मॅडम?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. आम्ही मान डोलावली. "मग द्या. बेकरीतले आम्ही खात नाही. कुणाचे कसले हात लागलेले असतात, काय सांगावे!" डबा पाच मिनिटांत रिकामा झाला, कौतुकही पुष्कळ झाले आणि आम्ही दोघे गप्प राहिलो. कारण त्या पावांतले आंबवण बेकरीतून आणलेले होते.

हा लेख त्या गप्प राहण्याविषयी आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी पाककृतीवर लिहावे का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते अवश्य लिहावे. 'घरचे' हा शब्द स्वयंपाकघरात जितका वापरला जातो तितकाच तो आपल्या वाङ्मयात आणि सामाजिक इतिहासात दडून बसलेला आहे, आणि आपण तो क्वचितच तपासतो.

आधी घडले ते क्रमाने सांगतो. आमचे टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावर असले तरी मुळात भाकरीचे गाव. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो, म्हणून त्यात गरम पाणी घालून ते मळायचे आणि हाताने थापायचे. भाकरी फुगते ती वाफेने आणि घटकाभरच. पावाचे गणित निराळे आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. पीठ मळत गेले की त्याचे लवचीक जाळे तयार होते. यीस्ट हे सूक्ष्मजीव पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल बनवतात. तो वायू जाळ्यात अडकतो आणि पीठ वर येते. आंबणे ही सजीवांची करणी आहे, हे लुई पाश्चरने १८५७ नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवले. त्याआधी हजारो वर्षे माणूस हे काम करून घेत होता. कोण करते, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

आम्हांला हे सारे पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही पहिला प्रयत्न फसला. तीन वाट्या मैदा, चमचाभर कोरडे यीस्ट, तेवढीच साखर, बेताचे मीठ, दोन चमचे तेल. थंडी होती म्हणून पाणी चांगले कढत घेतले. दोन तास झाले तरी पीठ होते तसेच. शेवटी तो गोळा पातेल्यासकट घेऊन आमच्यापैकी एकाने स्टँडजवळची बेकरी गाठली. बेकरीवाल्या चाचांनी पिठात बोट खुपसले, वास घेतला आणि निदान सांगितले, "सर, पाणी लई कढत घातलं तुम्ही. मेलं ते." पाण्यात बोट घालून निवांत ठेवता आले पाहिजे, त्याहून गरम नको, हा त्यांचा थर्मामीटर. मग त्यांनी आदल्या दिवशीच्या पिठातला मूठभर गोळा पिशवीत बांधून दिला. "हे कालचं आहे. ह्यात नवं पीठ मळा, उठंल." पैसे घेतले नाहीत.

ते उठले. थंडीमुळे तीन तास लागले, पण पीठ दुप्पट झाले. (उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा हेच पीठ पाऊण तासात फसफसून दारूसारखा वास सोडू लागते, हे पुढे कळले.) सारण केले बटाट्याच्या कोरड्या भाजीचे, वर सोलापुरी शेंगाचटणी. सारणाबाबत दोन पथ्ये पाळावी लागतात. ते कोरडे हवे, नाही तर आतला थर कच्चा आणि चिकट राहतो. ते पूर्ण निवलेले हवे, नाही तर पीठ ढिले पडते. पोळी जाडसर लाटायची, सारण पसरायचे, सुरळी करायची, कडेला पाण्याचे बोट लावून ती चिकटवायची आणि जोड खाली ठेवून अर्धा तास पुन्हा फुगू द्यायचे. या दुसऱ्या फुगण्याला घाई केली तर पाव भाजताना जोडावर उकलतो. वरून दूध लावून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजले की झाले.

या पदार्थाला मराठीत नाव नाही. सारण आपल्याकडे करंजीत आणि मोदकात जाते, पुरणाला पारीत कोंडतात, सुरळीची वडी होते. पण आंबवलेल्या पिठात तिखट सारण भरून भाजायची रीत आपल्या घरांत नव्हती. कारण उघड आहे. चुलीवर तवा असतो, भट्टी नसते. मात्र दुसरे कारण शब्दांत सापडते. 'आंबणे' हे क्रियापद आपण इडलीच्या पिठाला लावतो, थकलेल्या अंगाला लावतो आणि वाया गेलेल्या वरणालाही लावतो. 'किण्वन' पाठ्यपुस्तकात राहिले. 'खमीर' मराठी वाचकाला भेटते ते बायबलच्या भाषांतरात, 'बेखमीर भाकरी'च्या सणात. आपला म्हणावा असा एकच निखळ प्रेमाचा शब्द उरतो, तो म्हणजे विरजण. विरजण संपले की शेजारी वाटी घेऊन जायचे, यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. मात्र ती वाटी कोणत्या दारापर्यंत जाते, हे गल्लीने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेले असते. आमची पिशवी त्या ठरलेल्या दारांपलीकडून आली होती आणि म्हणूनच आम्ही गप्प बसलो, हे आता कबूल केले पाहिजे.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज. पायाने मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती भाषाशास्त्रदृष्ट्या खोटी आहे. पण लोकव्युत्पत्ती उगाच जन्मत नाही. तिच्यात एक किळस साठवलेली असते. शब्दाचे मूळ सांगण्यापेक्षा 'ते खाऊ नका' हे सांगणे तिचे खरे काम. वसई-गोव्याकडे विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कथा परंपरेने सांगितल्या जातात. त्या कथांत पाव हे अन्न नसतेच. ते धर्म बुडवण्याचे साधन असते.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने सभासदत्वाची कसोटी म्हणून नेमका पावच निवडला. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, म्हणजे जातिभेद सोडला. सभा गुप्त होती, १८६० च्या सुमारास तिचे बिंग फुटले आणि ती संपली. तिच्या धुरीणांत होते दादोबा पांडुरंग, १८३६ च्या व्याकरणाचे कर्ते. आपण वर्गात दादोबांची विभक्ती-व्यवस्था शिकवतो; त्यांच्या पावाची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजीही काही काळ या सभेच्या वर्तुळात होते. मराठीच्या पहिल्या व्याकरणकारांपैकी एक आणि मराठीतल्या आरंभीच्या कादंबरीचा लेखक, दोघांच्याही चरित्रात पावाचा तुकडा आडवा येतो, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. नव्या मराठी गद्याची घडण आणि परक्या हाताचे अन्न खाण्याचे धाडस, या दोन्ही गोष्टी एकाच काळात, त्याच मंडळींत चालू होत्या.

पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही त्यात सापडले. प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला तो एक कप चहापायी. यावर आज आपण हसतो. हसावेही. पण डब्यावरचा प्रश्न आठवला की हसू जरा आवरते.

गंमत अशी, की तोच पाव आज मराठी अस्मितेचा पदार्थ झाला आहे. वडापाव, मिसळपाव, पावभाजी यांवाचून महाराष्ट्राची खाद्यओळख सांगता येत नाही. महामार्गावरच्या गाडीवर आमचे ते ज्येष्ठ सहकारीही वडापाव खाताना आम्ही पाहिलेले आहेत. म्हणजे बाहेर परका हात चालतो. तो 'घरचे' या शब्दाच्या आत आलेला चालत नाही.

मग घरचे म्हणजे नेमके काय? आमच्या पावातले सारण पाहा. बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली, सागरी व्यापारातून इकडे आलेली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. ज्या शेंगाचटणीचा आम्हा सोलापूरकरांना एवढा अभिमान, तिचे दोन्ही मुख्य घटक पाहुणे आहेत. भाकरीची ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. पदार्थांच्या वाटा एवढ्या लांबून आलेल्या असताना 'घरचे' या शब्दाला घटकांचा आधार उरत नाही. उरतो तो फक्त हाताचा.

यावर योग्य आक्षेप असा, की घरच्या अन्नाची ओढ ही स्वच्छतेची आणि काटकसरीची ओढ आहे. तिच्यात जात-धर्म शोधणे हा अतिरेक झाला. आक्षेपात तथ्य आहे. तेल कोणते, मैदा किती जुना, हे विचारायचा हक्क प्रत्येक खाणाऱ्याला आहे, आणि काही बेकऱ्यांत अस्वच्छता असतेच. पण स्वच्छतेचा प्रश्न 'हात धुतले का?' असा असतो. 'कुणाचे हात?' हा प्रश्न वेगळा. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात सरपणाची मोळी विकायला जाणाऱ्या बायका येतात. त्यांच्या मोळीतही केस किंवा धागा अडकून विटाळ तर होणार नाही ना, याची चौकशी होते. लाकूड चुलीत जळूनच जायचे असते. जळणाऱ्या लाकडाबाबतचा हा प्रश्न आरोग्याचा असूच शकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे विनोदाने सांगितले आहे. ते वाचताना विद्यार्थी खळखळून हसतात. तोच वर्ग 'जिणं आमुचं' वाचताना गप्प होतो. एकच आचार घरातून पाहिला तर विनोदी दिसतो आणि उंबऱ्याबाहेरून पाहिला तर अपमानाचा. हे दोन ग्रंथ एकापाठोपाठ शिकवावेत, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाव घरी जरूर करावा. पीठ हाताखाली जिवंत होताना पाहणे हा आनंद आहे, आणि तो घरातल्या पुरुषांनीही मळून घ्यावा. नाही तर 'घरचे' या शब्दाची सारी मेहनत एकाच व्यक्तीच्या मनगटांत उतरते. पण परक्या हातापासून सुटका म्हणून तो करू नये. आंबवण ही गोष्टच अशी आहे, की ती मागचा कोणीतरी पुढच्याला देतो. चाचांचा गोळा कालचा होता, कालचा परवाच्याचा. कोरड्या यीस्टची पुडी आणली तरी कारखान्यातली अनोळखी माणसे तिच्यात असतातच. 'स्वतःचे' म्हणून मिरवावे असे तिच्यात फार थोडे असते. भाषेचेही तसेच आहे. पण ते विवेचन पुन्हा कधी.

पुढच्या खेपेचे पाव आम्ही आधी बेकरीत नेले. चाचांनी एक मोडून पाहिला, आतली जाळी निरखली आणि म्हणाले, "जमलंय. मीठ कमी पडलं." दुसरा डबा महाविद्यालयात गेला. या वेळी झाकण उघडण्यापूर्वीच आम्ही सांगितले, की मळणे आमचे, आंबवण बेकरीतले. बहुतेकांनी हात पुढे केले. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आज आमचा उपवास." तो सोमवार होता, त्यामुळे उपवास खराही असू शकेल. पुढचा डबा आम्ही मंगळवारी नेणार आहोत.