काटकसरीचा प्रवास आणि आपली जबाबदारी

प्रवासाला निघायचे म्हणजे आरक्षण खिडकीपुढची रांग आणि वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक, हे एकेकाळी ओघानेच येई. ३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाली आणि ती खिडकी हळूहळू आपल्या घरात आली. बदलीच्या निमित्ताने चेन्नईत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला या सोयीचे मोल विशेष जाणवते.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरहून आई-बाबा आले होते. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख पाहावा, ही बाबांची फार दिवसांची इच्छा. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. ती तारीख वहीत टिपून ठेवली आणि रात्रीच्या गाडीची शयनयानाची तिकिटे काढली. रात्र गाडीत गेल्याने एका मुक्कामाचे भाडे वाचले. यूपीआयने पैसे भरल्यामुळे ऑनलाइन तिकिटावरील सुविधा शुल्कही कमी पडले.

शहरातही हाच अनुभव आला. चेन्नई मेट्रोचे क्यूआर तिकीट मोबाईलवर घेतल्यास भाड्यात २० टक्के सूट मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘चेन्नई वन’ या अ‍ॅपवर बस, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे या तिन्हींचे तिकीट एकाच ठिकाणी काढता येते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

परंतु या तळ्याला एक भगदाडही आहे. आईची प्रकृती बिघडल्याने सोलापूरचे परतीचे तिकीट रद्द करावे लागले. परतावा अजून कसा जमा झाला नाही, या काळजीने बाबांनी इंटरनेटवर सापडलेल्या एका ‘मदत क्रमांका’वर फोन केला. पलीकडील मनुष्य अत्यंत अदबीने सांगत होता, “काका, हे अ‍ॅप उतरवून घ्या आणि पिन टाका, पैसे लगेच जमा होतील.” मी योगायोगाने घरी होतो, म्हणून निवृत्तिवेतनाचे खाते वाचले. तिकिटाचा परतावा पुढे नियमाप्रमाणे आपोआप जमा झाला.

त्या रात्री मला फसवणाऱ्यापेक्षा स्वतःचाच राग अधिक आला. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे शाखेत दिवसातून दहा वेळा सांगणाऱ्या मुलाने ते आपल्या वडिलांना एकदाही सांगितले नव्हते.

म्हणून माझे मत असे, की स्वस्त प्रवासाची ही साधने उत्तम आहेत. पण त्यांचा लाभ आज जाणत्यालाच मिळतो. रोख पैसे देऊन तिकीट घेणारा वृद्ध पूर्ण भाडे भरतो आणि भीतभीत मोबाईल हाती घेतलाच, तर फसण्याची शक्यताही त्याचीच अधिक. ही दरी बुजविणे हे आपले, म्हणजे मुलांचे आणि बँक कर्मचाऱ्यांचेही काम आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यास येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांना आपण प्रत्येकी पाच मिनिटे दिली, तरी पुष्कळ साधेल.

ग्राहकांनाही एक विनंती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम मोबाईलने बदललेला नाही. ‘आज फिरा, नंतर हप्त्यांनी फेडा’ या मोहापेक्षा वर्षभर आवर्ती ठेवीत थोडे थोडे साठवून केलेली सहल अधिक आनंद देते. तिकीट व मदत क्रमांक अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्यावा. फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

आई बरी झाल्यावर परतीचे नवे तिकीट बाबांनी स्वतः काढले. मी शेजारी बसून फक्त पाहत होतो.