एकोणीस कलमांचा संकल्प

अतुल गावंडे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्यांचे वडील आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातल्या अथेन्स या लहानशा शहरात मूत्ररोगांचे शल्यचिकित्सक म्हणून स्थिरावले. चिरंजीव बोस्टनला शल्यचिकित्सक झाले, लेखक म्हणून जगभर वाचले गेले, आणि सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या माणसांबद्दल आपल्याला जो अभिमान वाटतो तो त्यांच्याही वाट्याला आला. या अभिमानाविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या एका कामामुळे हा माणूस आपल्या प्रत्येकाच्या आयुष्याला प्रत्यक्ष स्पर्श करू शकतो, त्या कामाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही, अशी आमची समजूत आहे. ते काम म्हणजे एका पानावर मावणारी, एकोणीस कलमांची एक यादी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ही यादी प्रसृत केली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व गावंडे यांच्याकडे होते. शस्त्रक्रियेच्या ओघात तीन ठिकाणी थांबायचे आणि ठरलेल्या गोष्टी मोठ्याने बोलून पडताळायच्या, एवढेच ती सांगते. पहिला थांबा भूल देण्यापूर्वी: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, संमती घेतली आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, बोटाला लावलेले प्राणवायू मोजणारे यंत्र चालू आहे का, रक्तस्राव बराच होण्याचा संभव आहे का. दुसरा थांबा त्वचेला सुरी लागण्यापूर्वी: खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, प्रतिजैविक गेल्या साठ मिनिटांत दिले आहे का ते पाहायचे, कठीण प्रसंग कोणता उद्भवू शकेल हे आधीच बोलून घ्यायचे. तिसरा थांबा रुग्णाला खोलीबाहेर नेण्यापूर्वी: हत्यारे, सुया आणि गॉझ यांची मोजणी जुळली का, तपासणीला पाठवायच्या नमुन्यावर रुग्णाचे नाव बरोबर आहे का. यात वैद्यकशास्त्राला नवे असे एकही कलम नाही. शल्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे ठाऊक असते तेच येथे लिहिलेले आहे.

आणि तरीही 2009 च्या जानेवारीत या यादीच्या चाचणीचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनी जाणकारांना चकित केले. टोरांटो, लंडन, सिॲटल, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातील इफाकारा आणि आपली नवी दिल्ली अशा आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही चाचणी झाली होती. यादी येण्यापूर्वीचे 3,733 रुग्ण आणि नंतरचे 3,955 रुग्ण यांची तुलना केली गेली. मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, गंभीर गुंतागुंतीचे 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, खर्च जवळजवळ शून्य. एखाद्या औषधाने असा परिणाम दाखवला असता तर त्याची जाहिरात करायला किती कंपन्या पुढे सरसावल्या असत्या, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यादी ही गोष्ट मराठी घराला मुळीच नवी नाही. लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी बसून याद्या करतात; देणे-घेणे, मानपान, खर्च कोणाकडे, सारे कागदावर येते आणि चारचौघांत वाचले जाते. हेतू हा की, पुढे कोणी 'आम्हाला हे माहीत नव्हते' असे म्हणू नये. त्याहूनही जवळचे उदाहरण संकल्पाचे. पूजेला प्रारंभ करण्यापूर्वी गुरुजी यजमानाकडून काळ, स्थळ, गोदावरीचे कोणते तीर, तिथी, गोत्र, नाव आणि आता करावयाचे कर्म हे सारे उच्चारून घेतात. कोण, कोठे, केव्हा, कोणासाठी, काय करणार आहे हे उच्चारल्याशिवाय कर्माला हात घालायचा नाही, हा त्यामागचा विचार. शस्त्रक्रियेपूर्वीचा दुसरा थांबा हा असाच संकल्प आहे, असे आम्हाला वाटते. मात्र या साम्यातच एक धोकाही आहे. संकल्प म्हणताना आपल्यापैकी किती जणांचे लक्ष शब्दांकडे असते? गुरुजी भरभर म्हणतात, आपण 'मम' म्हणून पाणी सोडतो, आणि मन पुढच्या पंगतीच्या व्यवस्थेत असते. उच्चार शिल्लक राहतो आणि अवधान निघून जाते.

यादीच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते, याचा पुरावा कॅनडातून आला. ऑन्टारिओ प्रांताने 2010 साली सर्व रुग्णालयांना यादीच्या वापराचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले. 2014 साली तेथील 101 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांनी स्वतः भरून दिलेल्या आकड्यांप्रमाणे यादीचे पालन जवळजवळ संपूर्ण होते. मृत्यूचे प्रमाण 0.71 टक्क्यांवरून 0.65 टक्क्यांवर आले होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. यादीचे टीकाकार म्हणाले, पाहा, फुगा फुटला. पण 2015 साली नॉर्वेमधील दोन रुग्णालयांत, यादी टप्प्याटप्प्याने एकेका विभागात लागू करून केलेल्या काटेकोर चाचणीत गुंतागुंतीचे प्रमाण 19.9 टक्क्यांवरून 11.5 टक्क्यांवर आले. पुढे अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात ज्या रुग्णालयांनी स्वेच्छेने आणि दीर्घ तयारीनिशी यादी स्वीकारली, त्यांच्याकडे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंत इतरांच्या तुलनेत 22 टक्क्यांची घट दिसली. स्वेच्छेने पुढे आलेली रुग्णालये मुळातच अधिक जागरूक असतील, हा आक्षेप येथे घेता येतो आणि तो रास्तही आहे. तरीही हे सारे अभ्यास शेजारी ठेवून वाचले की, आमच्या मते अर्थ एकच निघतो: कागद तोच असतो, पण तो खुणा करण्यासाठी वापरला की निर्जीव ठरतो आणि बोलण्यासाठी वापरला की काम करतो.

येथे एक घरचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका काकांची हर्नियाची शस्त्रक्रिया एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्ये व्हायची होती. दुखणे उजव्या बाजूचे होते. काकांना आत नेण्याच्या सुमारास एक सिस्टर बाहेर आल्या आणि अगदी हलक्या आवाजात आम्हाला म्हणाल्या, "पेशंटची बाजू कोणती हो? कागदावर डावी लिहिली आहे." आम्ही दचकलो. "तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का?" असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "सरांना तुम्हीच विचारा. आम्ही विचारलं तर त्यांना आवडत नाही." आम्ही विचारले. डॉक्टर हसले, बाजू उजवीच आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, संमतिपत्रात लिहिणाऱ्याचा हात चुकला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, काका आजही रोज फिरायला जातात. परंतु ती हलकी कुजबुज आमच्या मनातून गेलेली नाही. चूक दिसलेली व्यक्ती आत होती आणि तिला ती सांगण्यासाठी बाहेर, आमच्यासारख्या अडाण्यांकडे यावे लागले. त्या दिवशी आम्ही चहाला गेलो असतो तर?

आमच्या मताचा गाभा हा आहे. ही यादी वैद्यकीय सुधारणा म्हणून आली असली तरी आपल्याकडे ती सामाजिक सुधारणा ठरते. आपल्या रुग्णालयांत डॉक्टर 'सर' असतात, परिचारिका 'सिस्टर', आणि त्यांच्याखाली 'मामा' आणि 'मावशी'. नात्यांचे हे शब्द मायेचे आहेत खरे, पण त्यांत माणसाचे नाव हरवते, आणि ज्याला नाव नाही त्याने साहेबाला थांबवावे अशी अपेक्षा कोण करील? 'प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे' हे कलम पोरकट वाटते, अशी कुरकुर जगभरच्या शल्यचिकित्सकांनी केली आहे. पण सुरुवातीला एकदा स्वतःचे नाव उच्चारलेला माणूस पुढे अडचणीच्या वेळी तोंड उघडण्याचा संभव अधिक, या विचारानेच ते कलम यादीत आले. आपल्या लहान नर्सिंग होममध्ये तर त्याची गरज दुप्पट आहे. तेथे भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात, सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या. सहायक नवा असतो. जमलेली माणसे एकमेकांना धड ओळखतही नाहीत, आणि तरी एका जिवाची जबाबदारी त्यांनी मिळून उचललेली असते.

डॉक्टरांच्या बाजूचेही ऐकले पाहिजे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्वाळा दिला, तेव्हापासून प्रत्येक कागद हा उद्याचा पुरावा या भावनेने भरला जातो. नातेवाइकांचा अविश्वास, प्रसंगी होणारी मारहाण, दिवसाला ओळीने लागलेल्या शस्त्रक्रिया, अपुरा कर्मचारीवर्ग, हे सारे खरे आहे. अशा वातावरणात यादी बचावाचा दस्तऐवज बनते आणि शस्त्रक्रियेनंतर निवांतपणे एकदम भरून टाकली जाते. यात एकट्या डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. कबूल केलेली चूक आणि लपवलेली चूक यांत जो समाज फरक करत नाही, त्याच्या वाट्याला व्यवस्थित भरलेले आणि खोटे कागदच येणार.

मग करावे काय? गावंडे यांनी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कोलंबस येथील मुलांच्या रुग्णालयातील एक युक्ती सांगितली आहे. तेथे हत्यारांच्या संचात सुरीवर धातूचे एक लहानसे झाकण ठेवलेले असे. यादी वाचून पुरी झाली की परिचारिकेने ते उचलायचे. तोवर सुरी मिळायची नाही. दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही परवडेल अशी ही गोष्ट आहे. यादी शल्यचिकित्सकाच्या हाती न देता परिचारिकेच्या हाती द्यावी, आणि तिने 'थांबा' म्हटल्यावर थांबणे हा तिथला नियम असावा, एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले. रुग्ण आणि नातेवाईक यांनीही आपले नाव, व्याधी आणि बाजू पुन्हा पुन्हा विचारली गेल्यास 'यांना काहीच कसे माहीत नाही' म्हणून वैतागू नये. विचारणारा आपल्यावर उपकार करत असतो.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. चाचणीत भाग घेतलेल्या डॉक्टर-परिचारिकांना तीन महिन्यांनी विचारले असता सुमारे 20 टक्के लोकांना यादी कटकटीची वाटत होती. पण 'उद्या तुमच्यावरच शस्त्रक्रिया व्हायची असेल तर यादी वापरावी का?' या प्रश्नाला 93 टक्क्यांनी 'हो' असे उत्तर दिले. आमच्या काकांसाठी आम्हाला एवढेच हवे होते. त्या सिस्टरचे नाव मात्र आम्ही विचारले नाही, याची खंत वाटते.